‘रणांगण’ मागितलं आणि बोट मिळाली

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ तुम्ही नुकतीच संपवलीत. भाऊसाहेब, दत्ताजी, बुराडी घाट सगळं डोक्यात ताजं असताना मित्र म्हणाला, आता ‘रणांगण’ वाच. वाचनालयात नुसतं नाव सांगितलंत, त्यांनी लाल पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक काढून दिलं. चाळीस पानं झाली तरी तोफ नाही, घोडा नाही. एक बोट आहे, बोटीवर युरोपातून परत येणारा एक मराठी तरुण आहे आणि देशोधडीला लागलेली जर्मन माणसं आहेत. मग तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुढे वाचू की परत करू? असं नाव देऊन लेखकाने फसवलं नाही का? आणि पुढच्या वेळी हे टाळायचं कसं?

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सव्वीस वर्षं काढली आहेत, त्यातली बरीचशी देवघेवीच्या टेबलामागे. ‘बाई, हे भलतंच निघालं’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माणूस दारातून येताना पुस्तक कसं धरतो त्यावरून मला ते आधीच कळतं. आवडलेलं पुस्तक लोक छातीशी किंवा पिशवीत धरून आणतात. भलतंच निघालेलं दोन बोटांत लोंबकळत येतं.

सोपा भाग आधी उरकते. मराठीत ‘रणांगण’ नावाची निदान दोन पुस्तकं आहेत. एक विश्वास पाटलांचं नाटक, पानिपतावरचं. मित्राला बहुधा तेच म्हणायचं होतं. दुसरी विश्राम बेडेकरांची कादंबरी, १९३९ सालची. तुमच्याकडे आहे ती ही. विश्वास आणि विश्राम, कानालाही जवळजवळ सारखंच. नुसतं ‘रणांगण’ मागितलं की बऱ्याच ठिकाणी बेडेकरच हातात पडतील, कारण कादंबऱ्यांची कपाटं टेबलाजवळ असतात आणि नाटकं मागच्या भिंतीला. नाटकं नेतंय कोण? गॅदरिंग जवळ आलं की कॉलेजची मुलं, तीही ‘पात्रं कमी असलेलं द्या’ म्हणून.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालंच: बेडेकरांनी तुम्हाला फसवलेलं नाही. तुम्ही एकाचा पत्ता घेऊन दुसऱ्याच्या घरी गेलात.

पण तुमची खरी अडचण ही नाही असं मला वाटतं. चुकीचं पुस्तक आलं हे तुम्हाला पाचव्या पानावर कळलं असणार. तरी तुम्ही चाळीस पानं वाचलीत. त्या चाळीस पानांत तुम्ही काय करत होतात? तोफेची वाट बघत होतात. बोट कुठल्या तरी बंदराला लागेल आणि तिथून कुणीतरी १७६१ ची गोष्ट सांगायला घेईल, अशी आशा होती ना? मग ती पानं तुम्ही बेडेकरांची वाचलीच नाहीत, विश्वास पाटलांची वाट बघत काढलीत. म्हणून कंटाळा आला. पुस्तक कंटाळवाणं आहे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.

आता यात वाचनालयाचाही वाटा आहे, तो कबूल करते, कारण आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. तुमची प्रत लाल पुठ्ठ्याची आहे म्हणजे ती बाइंडरकडे जाऊन आलेली आहे. पुस्तक पाच-सात वर्षं फिरलं की पानं सुटायला लागतात. मग आम्ही गठ्ठा बांधून बांधणीला देतो. बाइंडर जुनं मुखपृष्ठ फाडून टाकतो, पानं शिवतो, कडा कापतो, वर जाड पुठ्ठा आणि रेक्झिन चढवतो आणि पाठीवर नाव लिहितो. पुस्तक पुढची वीस वर्षं टिकतं खरं, पण मुखपृष्ठावरचं चित्र गेलं, मलपृष्ठावरच्या त्या आठ-दहा ओळी गेल्या, कधीकधी तर शीर्षकाचं पानही गेलं. आणि पातळ पुस्तकाच्या पाठीवर दोन ओळी मावत नाहीत, तेव्हा गळतो तो लेखक. नाव राहतं एकटं. ‘रणांगण’ हा एकच शब्द लाल रेक्झिनवर बघून कुणाच्याही डोळ्यासमोर तलवारीच येणार.

आमच्याकडे या कारणाने इतके घोळ झाले की शेवटी आम्ही बाइंडरला सांगितलं, जुनं मलपृष्ठ टाकू नकोस, कापून पहिल्या पुठ्ठ्याच्या आत चिकटव. तो कुरकुरला, पुस्तकामागे दोन रुपये वाढवून मागितले, आणि ते दोन रुपये मंजूर करायला आमच्या कार्यकारिणीने दोन बैठका घेतल्या. पण तेव्हापासून ‘भलतंच निघालं’वाले कमी झाले.

नाव आणि पुस्तक जुळत नाही असं वाटलं की मी आधी एकच बघते: अपेक्षा तयार कुणी केली? लेखकाने, छापणाऱ्याने, मांडणाऱ्याने, की आपणच? त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मांडणाऱ्याची चूक म्हणजे माझीच एक सांगते. नोंदी संगणकावर चढवायचं काम आलं तेव्हा दिवसाला शंभर-सव्वाशे पुस्तकं उरकायची होती. प्रत्येक उघडून बघायला वेळ कुठला? नावावरून विषय टाकत सुटले. ‘सत्तांतर’ हातात आलं, टाकलं राज्यशास्त्रात. गावातले एक निवृत्त वकील निवडणुकीच्या दिवसांत ते घेऊन गेले. व्यंकटेश माडगूळकरांचं आहे म्हणजे माणदेशातल्या ग्रामपंचायतीचं राजकारण असेल, असा त्यांचाही अंदाज. आठवड्याने आले, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘‘पुस्तक उत्तम. कपाट चुकलंय.’’

‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीची कादंबरी आहे. टोळीचा म्होरक्या नर, त्याच्यावर टपलेले बाहेरचे नर, टोळीची हद्द, माद्या, पिल्लं, आणि म्होरक्या बदलला की टोळीत जे जे घडतं ते. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. माडगूळकर जंगलात तासन्‌तास बसून जनावरं बघणारे गृहस्थ होते, ते पानापानावर दिसतं. यात पक्ष नाही, झेंडा नाही, भाषण नाही. आणि तरी नाव काटेकोर बरोबर आहे, कारण सत्ता एकाकडून दुसऱ्याकडे जाते हेच तर पुस्तकात होतं. आपल्याला तो शब्द फक्त वर्तमानपत्रात वाचायची सवय, म्हणून आपण दचकतो.

वकिलांनी पुढे जे सांगितलं ते मी तेव्हापासून शेकडो लोकांना सांगितलंय. म्हणाले, ‘‘वीसेक पानांवर लक्षात आलं की माणसं येणारच नाहीत. मग मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. आधीचं सगळं मी चुकीच्या डोळ्यांनी वाचलं होतं.’’

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझा सल्ला हाच आहे. एकेचाळिसाव्या पानावरून पुढे रेटू नका. एक दिवस जाऊ द्या आणि पहिल्या पानावर या. या वेळी तुम्हाला माहीत आहे की ही एका बोटीवरची गोष्ट आहे. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, चक्रधर नावाचा मराठी तरुण, आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर काढलेले ज्यू, जे मुंबईलाही उतरणार नाहीत, पुढे चीनच्या बाजूला जाणार आहेत. त्यात हॅर्टा नावाची एक तरुण बाई आहे. एवढंच धरून वाचा. पहिल्या वाचनात तुम्ही जिथे ‘हे काय चाललंय’ म्हणून पान उलटलंत, तिथे आता काहीतरी दिसायला लागेल. डेकवरच्या गप्पा, कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाजवळ बसत नाही, बंदर जवळ आलं की कुणाचे चेहरे उजळतात आणि कुणाचे उतरतात.

पहिल्यापासून का, तर त्याचं कारण साधं आहे. लेखक पहिल्या दहा-पंधरा पानांत वाचकाला सांगत असतो की पुढे कशाकडे लक्ष द्यायचं. ती पानं आपण दुसरंच काहीतरी शोधत वाचली, तर ते सांगणं ऐकू येत नाही. पुढची कितीही पानं रेटली तरी ते भरून निघत नाही. स्वयंपाकात फोडणी करपली तर वरून पाणी घालून उपयोग नसतो, पातेलं बदलावं लागतं, तसं समजा. तुमच्या बाबतीत तर पुस्तकच पातळ आहे. चाळीस पानं पुन्हा वाचायला तास-दीड तास लागेल. ‘तुंबाडचे खोत’ असतं तर मीही दहादा विचार केला असता.

नाव निघालंच आहे तर ते सांगूनच टाकते. २०१८ साली ‘तुंबाड’ हा सिनेमा आला आणि पुढचं वर्षभर आमच्याकडे कधी न फिरकलेली मुलं यायला लागली. ‘तुंबाडचं पुस्तक आहे का?’ आहे की, श्री. ना. पेंडशांचं, दोन खंड. मुलं खूश. त्यांना हवा होता सोन्याची नाणी देणारा, वाड्याखाली राहणारा तो राक्षस. पेंडशांच्या कादंबरीत आहे जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं, त्यांच्या चार पिढ्या, त्यांची मस्ती, त्यांचे खून, जमिनी, बायका आणि उतरती कळा. राक्षस नाही. सिनेमाने उसनं घेतलं ते नाव, गोष्ट वेगळी. बहुतेक मुलांनी पहिला खंड चार दिवसांत परत आणला. मी त्यांना अडवलं नाही. हजाराच्या वर पानं आहेत, आणि भुताच्या आशेने बसलेल्याला खोतांचं घराणं गळी उतरवणं हा अन्याय आहे, मुलावरही आणि पेंडशांवरही.

त्यातला एक मात्र दुसरा खंड न्यायला आला. आयटीआयला जाणारा, खेडकडचाच, मामाचं गाव जगबुडीच्या अंगाला. त्याला मी विचारलं, राक्षस नाहीये हे कळलं ना? म्हणाला, ‘‘ते पहिल्याच दिवशी कळलं. पण ह्यातला एकजण अगदी माझ्या आजोबांसारखा बोलतो.’’ त्याला पुस्तकातलं काहीतरी स्वतःहून सापडलं होतं, नावाशी संबंध नसलेलं. मी हेच तपासायला सांगते. पुस्तक मिटा आणि नावातला शब्द न वापरता स्वतःला एका वाक्यात सांगा की आत काय चाललंय. मग विचारा, याचं पुढे काय होतं ते मला कळायला हवंय का? हवंय वाटलं तर वाचा. वाक्यच जमत नसेल तर तुम्ही अजून वाचलेलं नाही, पहिल्या पानावर जा. वाक्य जमलं, पण पुढचं कळून घ्यायची इच्छा नसेल, तर खुशाल परत करा. अमुक पानं वाचायचीच, तमुक पानांनंतर सोडायचं, असे नियम लोक सांगतात. मला ते कधी लागू पडलेले दिसले नाहीत.

परत करणं केव्हा बरोबर, हे परिस्थितीवर आहे. तुम्हाला पानिपतावर कुठे बोलायचं असेल, लेख लिहायचा असेल, हाताशी पंधरा दिवसच असतील, तर बेडेकरांना आत्ता बाजूला ठेवा. ते गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं थांबलेत, आणखी थांबतील. घरात आजारपण असेल, मन आधीच जड असेल तर हे पुस्तक नंतर वाचा, कारण ते हलकं नाही. शेवट मी सांगणार नाही, पण तो झोपण्यापूर्वी वाचायचा शेवट नव्हे.

नाव फसवं वाटण्याचं आणखी एक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे भाषाच सरकलेली असते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ ची. आजच्या माणसाला वाटेल यमुनेच्या काठची सहल, दिल्ली-आग्रा पाच रात्री सहा दिवस. यमुना हे नायिकेचं नाव आहे. नवऱ्याबरोबर गावोगाव फिरताना तिला विधवांचे हाल दिसतात, आणि पुढे तिच्यावरही तीच पाळी येते. पदमनजींनी काही लपवलेलं नव्हतं. शीर्षकाला त्यांनी जोड दिली होती: ‘अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. एवढं लांब नाव पाठीवर कोण लिहिणार? अर्धं नाव राहिलं आणि नेमकं अर्थ सांगणारं अर्धं गेलं. टिळकांच्या ‘गीतारहस्या’चंही तसंच. ‘अथवा कर्मयोगशास्त्र’ हा नावाचा दुसरा भाग लोक विसरतात, पारायणाची पोथी समजून नेतात आणि पन्नास पानांत दमून परत आणतात. तो मंडालेच्या तुरुंगात बसून केलेला दणदणीत वाद आहे, पोथी नव्हे.

गंमत म्हणजे प्रवासाच्या नावाचं आमच्याकडे सर्वांत जास्त चकवणारं दुसरं पुस्तकही १८५७ शीच बांधलेलं आहे. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’. काशीयात्रेला निघालेल्या एका आजींनी ते नेलं होतं. तिकडे कुठे उतरावं, काय बघावं ते कळेल म्हणून. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडायला दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेले, महूच्या आसपास पोचतात तो बंडाची बातमी, आणि पुढे फिरता फिरता झाशीच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे गृहस्थ झाशीतच. लुटले गेले, जिवावरच्या प्रसंगांतून निसटले आणि गंगेची कावड घेऊन घरी आले. सगळं लिहून काढलं ते बऱ्याच वर्षांनी, छापून आलं ते १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांच्या हातून.

आजींनी पुस्तक महिनाभर ठेवलं. दंड भरायला आल्या तेव्हा मी म्हटलं, फसलात ना? तर म्हणाल्या, ‘‘फसायचं काय त्यात? तो बिचारा गेला होता पोटासाठी, त्याला कुठे माहीत होतं बंड होणार ते. त्याचा प्रवासच होता तो.’’ मला हे सुचलं नव्हतं. आपण त्या पुस्तकाला सत्तावन्नच्या बंडाची साक्ष म्हणून ओळखतो, पण भटजींच्या लेखी तो घरून निघून घरी परत येण्याचा हिशेबच होता. किती दक्षिणा मिळाली, कुठे जेवण चांगलं मिळालं, तेही लिहिलंय. नाव त्यांच्या बाजूने अगदी खरं आहे.

अनुवादांत आणखी मजा. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या मच्छीमाराच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी अनुवाद केला, नाव ठेवलं ‘एका कोळियाने’. आता मराठीत कोळी मासे धरणाराही आणि जाळं विणणाराही, आणि या दोन शब्दांनी सुरू होणारी कोळ्याच्या जाळ्याची कविता आपल्या आजीआजोबांना शाळेपासून पाठ. एक आजोबा ते नातवासाठी घेऊन गेले होते. म्हातारा, समुद्र आणि सुटू न देण्याची जिद्द, असं काहीतरी आजोबांनी त्याला रात्री वाचून दाखवलं म्हणे, आणि पोराने विचारलं की कोळी कधी येणार.

आता तुमच्या ‘रणांगणा’कडे परत येते, कारण त्याचं नाव या कुठल्याच प्रकारात पूर्ण बसत नाही. तुम्ही दुसऱ्या पुस्तकाच्या आशेने आलात हे खरं, पण ज्याने पानिपत ऐकलेलंच नाही असा वाचकही या पुस्तकात काही काळ गोंधळतो. तो युद्ध शोधतो. दुसरं महायुद्ध ज्या वर्षी पेटलं त्याच वर्षीची ही कादंबरी, पण बोटीवर गोळी सुटत नाही. तिथे जेवणं होतात, पत्ते होतात, प्रेम होतं, टवाळक्या होतात. आणि तरी बेडेकरांनी हे नाव दिलं. का दिलं हे मी माझ्यापुरतं असं समजते: त्या बोटीवरची निम्मी माणसं युद्ध जाहीर व्हायच्या आधीच त्यात हरलेली आहेत. घर गेलंय, देश गेलाय, उतरायला बंदर नाही. मैदान बघायचं तर ते त्यांच्या अंगावर बघायचं. तुम्हाला कदाचित दुसरं काही दिसेल. पण हे नाव सुरुवातीला कळायचं नाव नाही. शेवटच्या पानानंतर पुस्तक मिटलं, हात त्या लाल रेक्झिनवर पडला आणि तो शब्द पुन्हा दिसला, म्हणजे मग ते काम करतं.

या लेखकाला अशी नावं द्यायची खोडच होती म्हणा ना. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘एक झाड आणि दोन पक्षी’. ते आमच्याकडे पक्षीनिरीक्षणवाले दोनदा घेऊन गेलेत. मुंडक उपनिषदात एका झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. जगणारा मी आणि त्या जगण्याकडे बघणारा मी, असं ते आत्मचरित्राला चपखल बसतं. ज्याला उपनिषद ठाऊक नाही तो बिचारा झाड शोधतो. आनंद यादवांची ‘गोतावळा’ही अशीच. लोक भरल्या घराची, भाऊबंदकीची गोष्ट म्हणून नेतात. त्यातल्या नारबाचा गोतावळा म्हणजे मळ्यावरची बैलं, म्हशी, कुत्री. ते कळायला चार-दोन प्रकरणं जातात, आणि एकदा कळलं की मळ्यावर ट्रॅक्टर येण्याचा अर्थच बदलतो. इथे नाव आधीच उलगडून सांगितलं तर पुस्तकाचं निम्मं काम बिघडेल. म्हणून वाचकाने ‘यात गोतावळा कुठाय?’ असं टेबलावर विचारलं तर मी सांगत नाही. दहा पानं अजून वाचा म्हणते.

छापणाऱ्याने मुद्दाम दिशाभूल केलेली पुस्तकं नसतात का? असतात. आत किरकोळ मजकूर आणि वर ‘रहस्य’, ‘गुपित’, ‘संपूर्ण’ असले शब्द, असा माल भरपूर आहे. जुन्या कथासंग्रहांना नवं भडक मुखपृष्ठ चढवून नवीन पुस्तक म्हणून खपवणंही चालतं. तिथे पहिल्या पानापासून पुन्हा वाचण्यात अर्थ नाही. तसलं पुस्तक दोन दिवसांत परत करा.

पुढच्या वेळचं म्हणाल तर फार काही करावं लागत नाही. लेखकाचं नाव घेतल्याशिवाय पुस्तक मागू नका, हे पहिलं. ‘स्वामी’ मागितलं तर एखादा नवखा तुम्हाला अध्यात्माच्या कपाटाकडे पाठवेल, रणजित देसाईंची ‘स्वामी’ म्हटलं की थोरले माधवराव पेशवे बरोबर हातात येतात. गो. नी. दांडेकरांची ‘मोगरा फुलला’ म्हटलंत की कुणी बागकामाची पुस्तकं दाखवणार नाही, ज्ञानेश्वरांवरची कादंबरी देईल. मग उभ्या उभ्या शीर्षकाचं आतलं पान बघा, पाठीवरचं नाव नव्हे. तिथे पूर्ण नाव असतं, जोडनाव असलं तर ते असतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला पहिल्या आवृत्तीचं साल आणि अनुवाद असेल तर मूळ पुस्तकाचं नाव सापडतं. नुसत्या सालाने बरंच कळतं. तुमच्या प्रतीवर १९३९ दिसलं असतं तर हे विश्वास पाटलांचं नाही एवढं तिथेच लक्षात आलं असतं. अर्पणपत्रिका वाचा, अनुक्रमणिका असेल तर तिच्यावरून बोट फिरवा.

प्रस्तावना मात्र आधी वाचू नका. हे माझं वैयक्तिक वैर आहे. आपल्याकडचे कित्येक प्रस्तावनाकार दुसऱ्याच पानावर शेवट सांगून मोकळे होतात आणि वर त्याची मीमांसा करतात. ती नंतर वाचा, तेव्हा तिचा उपयोगही होतो.

आणि एक काम माझ्यासाठी करा. पुस्तक परत करायला जाल तेव्हा, वाचून असो वा न वाचता, शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. एखाद्याने नेलं आणि दोन दिवसांत आणलं, असे शिक्के जवळजवळ पडलेले दिसतील. ते सगळे तुमच्यासारखेच तोफा शोधायला आलेले असणार. टेबलावरच्या माणसाला सांगा की पहिल्या कोऱ्या पानावर ‘विश्राम बेडेकर, कादंबरी, १९३९, पानिपतावरचं नाटक वेगळं’ एवढं लिहून ठेव. पेन्सिलीने. पेनाने लिहिलं तर पलीकडच्या पानावर उमटतं, आणि त्या जुन्या आवृत्तीचा कागद आधीच पिवळा पडलेला असेल.